व्हेनिसांत मोटार कोठें ठेवावी?

परदेशीं मुलांकडे गेलेली पुष्कळ वडील मंडळी हल्लीं त्यांच्याबरोबर मोटारीनें इटली पाहतात. त्यांस दोन शब्द सांगणें आम्हांस अगत्याचें वाटतें. व्हेनिसच्या जुन्या नगरांत मोटार तर नाहींच, पण सायकलहि चालत नाहीं. १९३३ सालीं खुल्या झालेल्या पुलावरून मोटार पियात्साले रोमा या चौकापर्यंत जाते. तेथें रस्ता संपतो. चौकांतील मोटारखाने सोयीचे खरे, पण महाग. जवळच त्रोंकेत्तो बेटावरहि मोठा वाहनतळ आहे. तथापि आमच्या मतें मोटार अलीकडच्या तीरावर मेस्त्रे स्टेशनाजवळ ठेवावी व आगगाडीनें सुमारें १० मिनिटांत व्हेनिस गांठावें. स्टेशनाबाहेर पडतांच समोर मोठा कालवा लागतो. नगरांत ४०० हून अधिक पूल असून बहुतेकांस पायऱ्या आहेत. तेव्हां सामान हलकें असावें, आणि वाहनतळावर वांचलेले पैसे बोटीच्या तिकिटांस लावून वृद्धांस जलमार्गानेंच न्यावें. मोटारीची काळजी एकदां केली म्हणजे पुरते. वडिलांच्या गुडघ्यांची मात्र पावलोंपावलीं करावी लागते.