तुंगारच्या माथ्यावरून

मराठी प्रवासवर्णनात डोंगरमाथा बहुधा अखेरच्या परिच्छेदात येतो. दम लागतो, धुके सरते, दरी उघडते आणि लेखक निःशब्द होतो. ही निःशब्दता आम्हांस अलीकडे संशयास्पद वाटू लागली आहे. माथेरान-महाबळेश्वरला इंग्रजांनी ‘पॉइंट’ आखले, त्यांना आपल्या साहेबांची नावे दिली. कोठे उभे राहून काय पाहायचे, तेही ठरवून टाकले. आपल्या ललित गद्याने तो कठडा अद्याप सोडलेला नाही.

भुईगावच्या रहिवाशाने मात्र तुंगार आयुष्यभर खालून पाहिलेला असतो. पूर्वेला तो, पश्चिमेला समुद्र. रेल्वेमार्ग आणि मग अहमदाबाद महामार्ग ओलांडून सातिवलीकडून आत शिरले की 2003 साली अभयारण्य झालेले जंगल लागते. मंदिरापर्यंत रस्ता आहे. पावसाळ्यात ओढे तो जागोजाग अडवतात. (सुट्टीच्या दिवशी ओढ्यांपेक्षा वाहनेच अधिक अडवतात, ते असो.) पुढे परशुरामकुंडाकडची चढण. तुंगार आणि भुईगावशेजारचे निर्मळ ही दोन्ही स्थाने परशुरामकथेने एकत्र बांधलेली आहेत. म्हणजे डोंगर आणि किनारा यांना एका कथानकात पाहण्याची रीत आपल्याकडे ‘पॉइंट’च्या कितीतरी आधीची.

माथ्यावरून ते कथानक पुन्हा वाचता येते. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला वसईची खाडी, समोर समुद्र. मध्ये महामार्ग आणि लोहमार्ग, दोन्ही दक्षिणोत्तर, आडवे. या उतारावर पडलेल्या पाण्याला समुद्राकडे जायचे तर ते दोन्ही ओलांडावे लागतात, आणि त्यापुढे जुनी शेते, खाजणे, मिठागरे होती तेथे आता इमारती उभ्या आहेत. जुलै 2018 मध्ये वसई पाण्याखाली गेली, मिठागरांतील वस्तीला वेढा पडला, तेव्हा अतिवृष्टीला दोष देऊन अनेकजण मोकळे झाले. त्यांतल्या किती जणांनी हा उतार वरून पाहिला होता?

फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) यांच्यापाशी ललित गद्य आणि हरित वसईचा लढा ही दोन वेगळी कामे नव्हती. त्यांच्या निसर्गप्रेमाचे कौतुक करणारी आपली समीक्षा लढ्याचा उल्लेख मात्र चरित्राच्या तळटीपेत ढकलते. हे आम्हांस मान्य नाही. पाणी कोणत्या वाटेने जाते हे न सांगणारे निसर्गवर्णन कितीही तरल असले, तरी त्यात निसर्ग नाही, केवळ लेखकाची प्रसन्नता आहे.

माथ्यावरून भुईगाव वेगळे ओळखू येत नाही. गास, निर्मळ, भुईगाव, सगळी झाडीच्या एकाच पट्ट्यात मिसळलेली. तो पट्टा कोठे संपतो, एवढे मात्र स्वच्छ दिसते.