रणगाड्यावरील चिखल

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेंतील नववीच्या एका विद्यार्थ्यानें ‘सेंच्युरियन’ रणगाड्याची प्रतिकृति तयार केली. प्रमाण १:३५, म्हणजे सुमारें साडेसात मीटर लांबीचा रणगाडा वीतभर झालेला. १९६५ च्या युद्धांत लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर यांच्या नेतृत्वाखालीं पूना हॉर्स पलटण सियालकोट भागांत ज्या रणगाड्यांतून लढली, त्याच जातीचा हा. तारापोर १६ सप्टेंबरास धारातीर्थीं पडले व त्यांस मरणोत्तर परमवीरचक्र मिळालें, हें वाचकांस ठाऊक असेलच.

मुलानें त्यावर गंज व चिखल चढवून छायाचित्र काढलें. तें चित्र एकाकडून दुसऱ्याकडे फिरतां फिरतां ‘रणभूमीवरील दुर्मिळ छायाचित्र’ या मथळ्यानिशीं आमच्या भ्रमणध्वनीवर आलें. आणि सांगावयास लाज वाटते, आम्हीं तें खरें मानून दहावीच्या वर्गांत दाखविलें! पुढें शाळेच्या प्रदर्शनांत ती वस्तु मेजावर पाहिली, तेव्हां आमचें अज्ञान आम्हांस उमगलें.

यावर कांहीं पालकांचें म्हणणें असें पडलें कीं, हा सारा प्रकारच फसवणुकीचा. खेळणें खेळण्यासारखेंच दिसावें. आम्हांस हें पटत नाहीं. खऱ्या यंत्रावर वापराच्या खुणा असतात, आणि त्या कोठें पडतात हें जाणणें हेंच एक शिक्षण आहे. पट्ट्याचा जो भाग जमिनीवर घासतो तो चालत्या रणगाड्याचा चकचकीत राहतो; गाडी पावसांत उभी राहिली म्हणजे मात्र तो लवकर तांबूस होतो. रंग उडतो तो झांकणांच्या कडांवर व जेथें शिपाई पाय देऊन चढतात तेथें. काजळी धुराड्याच्या तोंडाशीं, तेलाचे ओघळ टाकीच्या झांकणाखालीं, धूळ सपाट पृष्ठांवर. पातळ केलेला गडद रंग खांचांत सोडणें, स्पंजाच्या तुकड्यानें टंवके उमटविणें, हें हाताचें काम चार दिवसांत येतें. खूण कोठें नसावी हें कळावयास अधिक दिवस लागतात.

आमच्या मुलाचें तेथेंच चुकलें होतें. प्रदर्शनास एका विद्यार्थिनीचे आजोबा आले होते. ऐन उमेदींत ते रणगाडा पलटणींत होते. त्यांनीं चष्मा पुसून बराच वेळ पाहिलें व हळूच विचारलें, “बाळ, ही काळी माती कुठली रे?” मुलानें परसांतील माती चाळून लावली होती. आजोबा म्हणाले, “तिकडची माती फिकट, गाळाची. ही आपल्या कापसाच्या रानाची आहे.” शिवाय अर्ध्या मिलिमीटरचा कण या प्रमाणांत पावणेदोन सेंटिमीटरचा खडा होतो, हेंही कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. आमच्या तर नाहींच!

छायाचित्राचीही गोष्ट तशीच. उभ्या माणसाची दृष्टि या प्रमाणांत जमिनीपासून सुमारें साडेचार सेंटिमीटरांवर येते. कॅमेरा तितका खालीं नेला व सूर्यासारखा एकाच बाजूनें प्रकाश दिला, कीं वीतभर वस्तु डोंगराएवढी भासते. जवळून घेतांना पुढचें स्पष्ट व मागचें अस्पष्ट होतें, म्हणून छिद्र लहान ठेवावें, किंवा थोडें दूर सरून मागाहून कडा कापाव्या. हें कौशल्य मुलांनीं अवश्य संपादावें. परंतु ज्या रणांत माणसें खरोखर जळालीं, त्याचें म्हणून बनावट चित्र घरोघर फिरूं देणें आम्हांस अनुचित वाटतें. ‘मूळ मुलानें खोटें लिहिलेंच नव्हतें’ हा बचाव अर्धाच; त्यानें कांहींच लिहिलें नव्हतें. चित्राखालीं ‘प्रतिकृति, १:३५’ इतकीं अक्षरें चित्रांतच घालण्यास कितीसा वेळ लागतो? आणि पुढें पाठविणाऱ्या आम्हां वडील मंडळींस एक प्रश्न विचारण्यास?

दहावीच्या वर्गापुढें आम्हीं आपली चूक कबूल केली. मुलें हंसलीं, तें योग्यच होतें. त्या विद्यार्थ्यानें काळी माती धुऊन काढली, आजोबांकडे दोन रविवार जाऊन बसला, आणि फिकट भुकटीनें रणगाडा पुन्हां माखला. नवें छायाचित्र ग्रंथालयाच्या दाराशीं लाविलें आहे. त्यांत रणगाड्याच्या शेजारीं एक शिसपेन्सिल आडवी ठेविली आहे.