धुराड्याचा ताळेबंद

मोठ्याने बोलणाऱ्याचंच खरं, असं आपल्याकडे सोसायटीच्या वार्षिक सभेपासून लग्नाच्या बैठकीपर्यंत सगळीकडे मानतात. हेच शास्त्र मोटारींना लावणारी एक जमात आहे. तिचं ठाम मत असं, की सायलेन्सर उपटून जाडजूड पाइप लावला की इंजिनाची ताकद वाढते. पुरावा काय? आवाज वाढला! अहो, युनियनने गेटवर घोषणा दिल्या म्हणून पगार वाढल्याची नोंद कोणी पासबुकात करून घेतो का? ही मंडळी घेतात.

या जमातीचे एक मानकरी माझ्या सासुरवाडीत निघाले. धाकटा मेहुणा इंग्लंडात असतो. त्याने १९६७ सालची एमजीबी घेतली आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची इंग्लिश स्पोर्ट्‌स कार. अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ती बाहेर पडत होती. इंजिन १,७९८ सीसीचं, नवं असताना ९५ अश्वशक्तीचं. गाडी देखणी, त्याबद्दल तक्रार नाही. पण मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड काढून तिथे स्टीलच्या नळ्यांचे हेडर्स आणि मागे तोफेसारखा एक्झॉस्ट खास बनवून घ्यायचा, असं त्याच्या मनाने घेतलंय. ‘‘भाऊजी, इंजिन मोकळा श्वास घेईल!’’ हे वाक्य मला दर रविवारी फोनवर ऐकावं लागतं.

आता या इंजिनाची घरमांडणी बघा. बिऱ्हाडं चार, आणि धूर बाहेर जायची दारं तीन. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला स्वतंत्र दार, मधल्या दोघांत मिळून एक. चाळीत राहिलेल्यांना जास्त सांगायला नको. गंमत अशी, की या मधल्या दोघांचं कधी वाजत नाही. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-३-४-२. म्हणजे तिसऱ्याचं आटोपल्यावर क्रँकची एक पूर्ण फेरी होते, तेव्हा कुठे दुसऱ्याची पाळी येते. खरी धुसफूस आहे आत यायच्या दारात! तिथे चौघांत दारं दोनच, आणि शेजारी लागोपाठ हवा ओढणारे. एकाच्या ताटातलं दुसरा पळवतो. चोरी होतेय जमेच्या बाजूला, आणि आमचा मेहुणा निघालाय खर्चाच्या बाजूचं कुलूप बदलायला. शिवाय तो बिडाचा मॅनिफोल्ड रूपाने बेतास बात असला, तरी कामाला मुळीच वाईट नाही, असं ही इंजिनं आयुष्यभर खोलत आलेली माणसं सांगतात. कॅमशाफ्ट बदललाय, हेड कोरून घेतलंय, अशा इंजिनाची गोष्ट निराळी. साध्या इंजिनात नळ्या बदलून पदरात फारसं पडत नाही.

बरं, नळी म्हणजे नुसतं भोक नव्हे. झडप उघडली की दाबाची लाट नळीतून सेकंदाला ५०० मीटरच्या वर वेगाने सुटते. अरुंद नळी संपून रुंद जागा लागली की तिथून कमी दाबाची उलटी लाट इंजिनाकडे फिरते. बँकेत परत आलेला चेक म्हणजे अपशकुन. इथे लाट परत यायलाच हवी, आणि तीही वेळेवर. आतली-बाहेरची अशा दोन्ही झडपा क्षणभर एकदम उघड्या असतात, तेवढ्यात ती पोचली तर उरलासुरला धूर ओढून काढते आणि ताज्या मिश्रणाला आत बोलावते. मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या वेगात एक फेरी सेकंदाच्या पन्नासाव्या भागात संपते. उशिरा येणाऱ्याला ग्रेस पिरियड नाही! म्हणून लांबीचा हिशोब. लांब नळी कमी फेऱ्यांना पावते, आखूड नळी जास्त फेऱ्यांना. आणि नळी गरजेपेक्षा जाड केली की धुराचा वेग पडतो, गाडी गावातल्या रहदारीत उसासे टाकू लागते. मग हीच मंडळी गंभीर चेहरा करून सांगतात, ‘‘इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच हो!’’ साफ खोटं. कोंडमारा कुठल्या इंजिनाला हवा असतो? त्याला धुराचा वेग हवा असतो, तो तुम्हीच घालवलात.

खास नळ्या करूच नयेत, असं मी म्हणत नाही. पण ते काम काय असतं, ते तरी बघा. इंजिनाला भिडणारी जाड पट्टी आधी कापायची. मग वाकवलेल्या नळीचे तुकडे स्टार्टरला, चासीला, जमिनीला न शिवता एकेक करून जुळवायचे, नुसता टाका मारायचा, गाडीवर बसवून बघायचं, काढायचं, कानस मारायची, पुन्हा बसवायचं. पक्कं वेल्डिंग सगळ्यात शेवटी, तेही पट्टी आवळून धरून. नाही तर ती उष्णतेने केळ्यासारखी वाकते आणि गॅस्केट फुसफुसत बसतं. स्टेनलेस असेल तर नळीच्या आतूनही आर्गॉन सोडायचा, म्हणजे सांधा आतून जळत नाही. मागचा भाग रबरावर टांगायचा, कारण इंजिन डुलतं. एवढं झाल्यावर कार्बोरेटरचं मिश्रण तपासायचं, लागली तर सुई बदलायची. हे सगळं करणाऱ्या कारागिराशी मेहुणा तासाच्या दरावरून घासाघीस करतो, आणि फक्त मागून दिसणाऱ्या चकचकीत टोकाला छापील किंमत मुकाट मोजतो! माझा खरा राग इथे आहे. बँकसुद्धा यंत्रावर कर्ज देते, ते चालवणाऱ्या बोटांवर देत नाही. पण निदान ती बोटं फुकट तरी मागत नाही.

आवाजाचं म्हणाल, तर आवाज वाढेल असा फेरफार एक्झॉस्टमध्ये करायचा नाही, असा इंग्लंडात १९८६ सालचा नियम आहे. आपल्या १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही सायलेन्सर सक्तीचा आहे. तरी पहाटे कोणी फटाके फोडत बुलेटवरून जातो, आणि तीन मजले वर नुकतं झोपलेलं तान्हं दचकून उठतं. त्या घरातल्या बाईला विचारा ताकद म्हणजे काय ते. बरं, गप्प राहिल्याने धूर अडतो असंही नाही. छिद्रं पाडलेली सरळ आरपार नळी, भोवती काचतंतूंची लोकर, असा सायलेन्सर मिळतो. आवाज खातो, वाट अडवत नाही.

मेहुण्याला मी एकच विचारलं, ‘‘आज गाडीची ताकद किती?’’

‘‘पंचाण्णव!’’

‘‘अरे, ती १९६७ ची जमा झाली. आजची शिल्लक सांग. आधी रोलरवर चढवून मोज, नळ्या बसव, मग त्याच रोलरवर पुन्हा मोज. ओपनिंग बॅलन्सच नाही, तर नफा कुठून काढणार?’’

‘‘अहो, फरक कानाला कळतो!’’

कानाने अश्वशक्ती मोजणाऱ्याला एक दिवस कॅश काउंटरवर बसवावं. मोजू दे नोटांची गड्डी आवाजावरून.

परवा त्याने विचारलं, जुना मॅनिफोल्ड भंगारात किती किमतीला जाईल? मी म्हटलं, ‘‘विकू नकोस. तेलाचा हात फिरवून, कागदात गुंडाळून पलंगाखाली ठेव.’’

‘‘गॅरेजमधल्या फळीवर ठेवणार होतो, भाऊजी,’’ तो म्हणाला, ‘‘पण तिथे खोकं आहे. आधीच्या मालकाने काढून ठेवलेल्या हेडर्सचं.’’