जपानास कोणीं उभें केलें?

शेतकरी बंधूंनो, एखादें राष्ट्र लढाईंत हरून धुळीस मिळालें आणि पुढें पंचवीसएक वर्षांत पुन्हां ताठ मानेनें उभें राहिलें, म्हणजे शहरांतील विद्वान मंडळी त्याचें कारण दोन शब्दांत सांगून मोकळी होतात: अमेरिकेचा पैसा. जपानची गोष्ट निघाली कीं हें उत्तर ठरलेलेंच. आम्हांस तें अपुरें वाटतें, कारण त्यांत कुळाचें नांवच येत नाहीं.

सन १९४५ च्या ऑगस्टांत जपान शरण गेलें. हिरोशिमा व नागासाकी बेचिराख झालेलीं, टोकियो जळालेलें, परमुलुखांतून लाखों शिपाई व रयत परत येत असलेली, आणि त्यांतच त्या वर्षीं भाताचें पीक बुडालेलें. अशा वेळीं अमेरिकेनें धान्य, खत, औषधें पाठविलीं. उपाशी माणसाच्या तोंडीं घांस घातला, त्याचें श्रेय हिरावून घेण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु सावकाराच्या वहीशीं ज्यांचा संबंध आला आहे, त्यांनीं हिशेबही पाहावा. १९४६ ते १९५१ पर्यंत ही मदत दोन अब्ज डॉलरांच्या आसपास गेली. पुष्कळ जपानी लोकांस वाटलें, हें दान आहे. मागाहून मागणी आली, आणि १९६२ सालीं करार होऊन ४९ कोटी डॉलर फेडण्याचें जपाननें कबूल केलें. शिवाय जें परकी सैन्य छातीवर येऊन बसलें होतें, त्याचा मोठा खर्च जपानच्याच तिजोरींतून जात होता. पाहुण्यानें शिधा आणावा, पण आपल्या पंक्तीचा खर्च यजमानाच्या नांवावर मांडावा, असा हा प्रकार!

आतां जमिनीकडे वळूं. त्या वेळीं जपानांत शेंकडा ४६ जमीन कुळें कसत होतीं, आणि भाताच्या पिकाचा निम्म्याच्या आसपास हिस्सा जमीनदाराच्या कोठारांत जात होता. चिखल तुडविणारा एक, भात खाणारा दुसरा. जपानी सरकारनें प्रथम जो मसुदा केला, तो जमीनदारांचें मन दुखवूं नये अशा बेतानें केलेला होता. सेनापति मॅकआर्थर यांचा ९ डिसेंबर १९४५ चा हुकूम वर बसलेला, म्हणून एवढ्यावर भागलें नाहीं, आणि १९४६ च्या ऑक्टोबरांत दुसरा कडक कायदा झाला. गांवाबाहेर राहणाऱ्या मालकाची कुळाकडची सगळी जमीन सरकारनें विकत घेतली. गांवांत राहणाऱ्या मालकास कुळाकडे सरासरी एक चो, म्हणजे अडीच एकरांहून थोडी कमी, एवढीच ठेवतां आली. होक्काइदो बेटांत चार चो. कुळानें किंमत तीस वर्षांच्या हप्त्यांनीं द्यावयाची होती. त्यांत महागाई अशी भडकली कीं त्या किंमतीस अर्थच उरला नाहीं. जमीनदार ओरडले, कोर्टांत गेले. १९५३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें त्यांचें म्हणणें फेटाळलें.

कायद्याचीं दोन कलमें मात्र प्रत्येक शेतकऱ्यानें ध्यानांत ठेवावींत. पहिलें असें कीं, प्रत्येक गांवच्या जमीन कमिटींत पांच कुळें, तीन जमीनदार आणि दोन स्वतःची जमीन कसणारे, असे दहा जण निवडून दिलेले असत. कोणती जमीन कोणास जावयाची, हें मालकाच्या ओसरीवर ठरत नव्हतें. दुसरें असें कीं, कायद्याची कुणकुण लागतांच जमीनदारांनीं 'आम्ही स्वतः कसतों' म्हणून कुळांकडून जमिनी काढून घेण्यास आरंभ केला होता. तेव्हां २३ नोव्हेंबर १९४५ रोजीं जी स्थिति होती तीच खरी, असें धरलें गेलें. पळवाट मागील तारखेनेंच बुजविली!

सुमारें २० लाख हेक्टर जमीन कसणाऱ्यांच्या नांवें झाली, आणि १९५० पर्यंत कुळांकडची जमीन शेंकडा १० च्या आसपास उरली. ज्याच्या कणगींत पीक राहिलें त्याच्या हातीं खरेदीची ताकद आली, आणि कारखान्यांस घरचेंच गिऱ्हाईक मिळालें, असें आमचें मत आहे. कोरियाच्या लढाईंत, १९५० पासून, अमेरिकेनें सैन्यासाठीं जपानांत माल खरेदी केला, त्याचाही मोठा हात लागला, हें नाकबूल करूं नये. आणि हा कायदा निर्दोष होता असेंही नव्हे. डोंगरांतील रानें मालकांकडेच राहिलीं. ज्याच्याकडे कुळाची म्हणूनही जमीन नव्हती, त्याच्या पदरांत कांहीं पडलें नाहीं.

केवळ पैशानें देश उभा राहत असता, तर अफगाणिस्तानाची गत निराळी झाली असती. तेथें वीस वर्षांत उभारणीच्या नांवानें अमेरिकेनें सुमारें १४५ अब्ज डॉलर ओतले, आणि २०२१ च्या ऑगस्टांत तें राज्य कांहीं दिवसांत कोसळलें.

अमेरिकेनें तरी जपानांत हें कां केलें? कुळांच्या कळवळ्यानें? उपाशी कूळ साम्यवाद्यांकडे जाईल, ही धास्ती त्यांत मोठी होती. या कामांतील जाणता माणूस वुल्फ लाडेजिन्स्की, हा रशियांतील क्रांतीनंतर देश सोडून अमेरिकेस आलेला. त्याच माणसास १९५४ सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यानें 'भरंवशाचा नाहीं' म्हणून कामावरून काढलें. जमीनदारी परक्याच्या देशांत मोडलेली चालते, पण मोडणारा घरीं आला कीं त्याची भीति वाटते.

हा लाडेजिन्स्की १९५२ सालीं हिंदुस्थानांतही येऊन गेला. त्यापूर्वींच, १९४८ सालीं, मुंबई इलाख्यांत कूळकायदा झाला होता. पण कुळास मालक मानण्याचा दिवस उजाडला १ एप्रिल १९५७ रोजीं. मधल्या नऊ वर्षांत किती कुळांनीं 'राजीखुशीनें' जमीन सोडल्याचे कागद झाले! त्या कागदांवरचे अंगठे कसे उमटले, हें ज्यांच्या घरांत घडलें त्यांसच विचारावें.