चाडे भरले, नळी बुजलेली



तिफणीचे चाडे बियाण्याने भरले, बैलही चालले. परंतु नळी मातीने बुजली असेल तर पेरा होईल काय? आमच्या शाळांच्या सुधारणेची हीच गत आहे.

बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनला लिहून दिले. शिक्षणहक्काचा देशव्यापी कायदा अंमलात आला १ एप्रिल २०१० रोजी! कोल्हापुरात मात्र शाहू छत्रपतींनी १९१७ सालीच हे शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कारण हुकूम काढणारा व पैका सोडणारा हात एकच होता, आणि त्या हाताला रयतेची कळ होती.

आमच्या नागपूर प्रांती १९४८ साली जनपद सभा निघाल्या. तहसिलीत लोकांचे राज्य आले, असा डंका पिटला गेला. पण कारभाराची किल्ली सरकारी अधिकाऱ्याच्याच कमरेला राहिली. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. अध्यक्ष लोकप्रतिनिधींतला, परंतु मुख्य कार्यकारी अधिकारी सरकारने धाडलेला!

नव्या कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक बसविले, निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. उत्तम! पण समितीने आराखडा करावा. शिक्षक नेमण्याचा अधिकार तिला नाही. मुंबईचा हुकूम पुण्याला, तेथून नागपूरच्या उपसंचालकाकडे, मग शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, केंद्रप्रमुख, असा उतरत येतो. गावाचे गाऱ्हाणे याच पायऱ्या चढता चढता दम तोडते. २०२३ साली वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचे प्रस्ताव मागविले गेले. पत्र आयुक्तांकडून अधिकाऱ्यांना गेले. ज्या मायबहिणीचे पोर पायी शाळेला जाते तिच्या समितीतून ते निघाले नव्हते.

शहाणे म्हणतात, खेडूत अडाणी, त्यांस कारभार काय कळणार? हे तुणतुणे जुनेच आहे. आधी अक्षर नाकारायचे, मग निरक्षर म्हणून अधिकार नाकारायचा!

कायदा बदलला तरी तो ज्या हातांतून उतरतो ते हात बदलल्यावाचून सुधारणा गावात रुजत नाही, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. म्हणून समितीच्या सभेस जा, ठराव लिहवून घ्या, त्याची नक्कल मागा. समितीच्या ठरावावाचून गावची शाळा हलवू नये व शिक्षकाची जागा रिकामी ठेवू नये, एवढे तरी सरकारकडून पदरात पाडून घ्या. नळी साफ करायला मुंबईहून कोणी येणार नाही.