नळ दारी आला; पाणी कोणाच्या वाट्याला?

राजपुरी खाडीच्या तीरावर, मुरुड तालुक्यात आगरदांडा वसले आहे. समोरच्या तीरावर दिघी. 28 ऑगस्ट 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने दिघी बंदर औद्योगिक क्षेत्रास मंजुरी दिली. उद्योगांच्या पाण्याचे व विजेचे नियोजन होईलच; किनाऱ्यावरील गरीब घराचे काय, हा आमचा प्रश्न आहे.

कायदे व योजना उणे नाहीत. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणशी दरमहा 5 किलो धान्याचा हक्क दिला. 2016 च्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडणी दिली. 2019 च्या जलजीवन मिशनने माणशी दररोज 55 लिटर पाणी घरच्या नळाने देण्याचे ध्येय ठेवले. हे सारे स्वागतार्हच आहे. परंतु जोडणी मिळणे वेगळे आणि ती बारमाही उपयोगी पडणे वेगळे.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत खलाशाच्या घरी रोकड नसते. सिलिंडरची पूर्ण किंमत मात्र आधी मोजावी लागते. मग ओल्या लाकडांची चूल धुमसते. मोफत तांदूळ घरात असूनही तो शिजविण्यास इंधन लागतेच. एप्रिल-मेमध्ये विहिरी आटतात, खाडीकाठचे पाणी मचूळ होते. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर रायगड किनाऱ्यावरील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. पाणी, इंधन आणि अन्न यांची टंचाई अशी एकमेकींत गुंतलेली आहे.

आणि तिचा भार घरातही समान वाटला जात नाही. शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख म्हणून स्त्रीचे नाव असते. हंडा तिच्याच डोक्यावर, धूर तिच्याच डोळ्यांत, आणि पुष्कळ घरांत शेवटचे ताटही तिचेच.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लौदातो सी’ या परिपत्रकात शुद्ध पेयजल हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे प्रतिपादन केले. तहानलेल्यास पाणी देणे ही प्रभूने सांगितलेली अंतिम न्यायाची कसोटी आहे. ती केवळ दानाने पूर्ण होत नाही. गावच्या पाणी समितीत निम्म्या जागा स्त्रियांना द्याव्यात, असे जलजीवनची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. कोर्लईसारख्या आपल्या धर्मग्रामांतील भगिनींनी त्या जागा घ्याव्यात, ग्रामसभेत हिशेब विचारावा. आणि बंधूंनी घरचा हंडा उचलावा, अशी आमची विनंती आहे.