किल्ला पाहायला चला

हिवाळा लागला की आमच्या मोझरीत परगावच्या गाड्या दिसू लागतात. गुरुकुंज पाहायला माणसे कुठून कुठून येतात. आपल्या घरची माणसे मात्र लग्न, मयत आणि वर्षातून एकदा दीक्षाभूमी, एवढ्यासाठीच घराबाहेर पडतात. निव्वळ पाहण्यासाठी जाणे हे शाळेच्या सहलीचे काम, असे आपण धरून चालतो. आयाबायांना तर तेही मिळाले नाही.

म्हणून यंदा आम्ही तीन घरच्या मंडळींनी मिळून गाडी केली आणि गाविलगड पाहून आलो. मोझरीहून अमरावती, पुढे परतवाडा, मग घाट चढून चिखलदरा. पहाटे निघाले तर किल्ला नीट पाहून होतो.

गवळ्यांच्या जुन्या गढीवरून गाविलगड हे नाव पडले, असे सांगतात. पक्का किल्ला बहामनी सुलतान अहमदशाहाने १४२५च्या सुमारास बांधविला. पुढे इमादशाहीचा संस्थापक फतेउल्ला इमादुल्मुल्क याने तो मजबूत केला. दिल्ली दरवाज्यावरचे कोरीव सिंह आणि हत्ती जरूर पाहावेत. मुलांचा पाय तिथून निघत नाही.

१५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी हा किल्ला नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. सेनापती होता आर्थर वेलस्ली. याच माणसाने पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. तोफांच्या माऱ्याने बाहेरचा तट फुटला, पण आतला किल्ला हाती येईना. तेव्हा ९४व्या स्कॉच पलटणीचे शिपाई शिड्या लावून तट चढले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. स्कॉटलंड कुठे आणि वऱ्हाड कुठे!

त्याच स्कॉटलंडात आज लोक सुटीच्या दिवशी शिदोरी घेऊन जुने किल्ले आणि जमीनदारांचे वाडे पाहायला जातात. असे वाडे आणि किल्ले जपण्यासाठी १९३१ साली तिथे लोकांची एक संस्थाच उभी राहिली. कित्येक वाड्यांत मालकाच्या दिवाणखान्याबरोबर स्वयंपाकघर आणि नोकरांच्या खोल्याही दाखवतात. हे आम्हाला फार आवडले. आपल्याकडे बांधविणाऱ्याचे नाव सांगतात, बांधणाऱ्याचे कोणी विचारत नाही.

आमच्यातल्या एका लहानग्याने विचारले, "आजी, हे एवढे गोटे वरतं कोनं नेले असतीन वो?" आजी म्हणाली, "नेले असतीन आपल्यासारख्यायनंच. राजा काय डोक्यावर नेते?" इतिहासाच्या पुस्तकात हे वाक्य सापडायचे नाही.

किल्ल्यावर तळी आहेत. एका तळ्याच्या काठी बसून आम्ही भाकरी सोडली आणि मुलांना दौलताबादची हकिकत सांगितली. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह असेच सहलीला निघाले होते. वेरूळला जायचे होते, वाटेत दौलताबादचा किल्ला पाहावा असे ठरले. प्रवासाची धूळ अंगावर होती म्हणून काहींनी दरवाज्याजवळच्या हौदावर हातपाय धुतले. एवढ्यावरून हौद बाटला म्हणून जमाव धावून आला, शिवीगाळ झाली. अखेर आत सोडले ते एका अटीवर: आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. त्यावर लक्ष ठेवायला हत्यारबंद शिपाई सोबत दिला. विलायतेत शिकून आलेल्या बॅरिस्टराने आपल्या देशातला किल्ला असा पाहिला. त्याच्या सात वर्षे आधी महाडचा सत्याग्रह होऊन गेला होता, हेही ध्यानात घ्यावे.

पुढे संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक जागा यांचा नाव घेऊन उल्लेख आला. तिथे जातीवरून कोणालाही अडवता येत नाही. आमची मुले दिल्ली दरवाज्यातून धावत आत गेली, तेव्हा त्यांना कोणी जात विचारली नाही. मुलांना त्यात काहीच विशेष वाटले नाही. आजीला मात्र वाटले. ती दरवाज्यात थोडा वेळ थांबली आणि मग आत आली.

तेव्हा भगिनींनो, या हिवाळ्यात एक दिवस काढाच. गाविलगड लांब वाटला तर अमरावतीचा जुना परकोट पाहा. अकोल्याकडच्यांनी नरनाळा किंवा बाळापूर गाठावे. पिण्याचे पाणी घरून न्या, तळ्याचे पाणी आता पिण्याजोगे नसते. भोवती मेळघाटचे रान आहे, म्हणून ऊन उतरायच्या आत गड सोडा. भिंतीवर नावे कोरू नका, त्या दगडांवर आपल्याही घामाचा हक्क आहे. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्यायला विसरू नका. मुलांना किल्ला दिसेल, पण तो कसा पाहायचा हे म्हातारी माणसेच सांगतील.